क्लचच्या वाटीत तिळाचं तेल

तेलावर चालणारा क्लच छप्पन साली बुऱ्हाणपुरात किती जणांना कळत होता, ते हाताच्या बोटांवर मोजता आलं असतं. त्यात मी पहिला होतो. हे फुशारकीनं सांगत नाही. फुशारकीनं काय झालं तेच सांगायला बसलोय.

लढाईच्या काळात चार वर्षं मी लष्कराच्या वर्कशॉपात काढली होती. परत आल्यावर लोधीपुऱ्यात एक पत्र्याची शेड घेतली आणि बाहेर पाटी लावली. पाटी कोणी वाचत नसे. "गिरधर मिस्त्रीकडे न्या," एवढं सगळ्यांना तोंडपाठ होतं. आसपासच्या वीस-पंचवीस गाड्या, दोन-चार मालमोटारी आणि एक रुग्णवाहिका, सगळ्यांच्या नाड्या माझ्या हातात होत्या. गिरधर मिस्त्रीचं निदान चुकत नाही असं लोक म्हणत. मीही तसंच म्हणत असे, फक्त तोंडानं नाही.

शाहपूरच्या लीलाधर पाटलांनी दोन वर्षांपूर्वी गाडी घेतली होती. केळीच्या बागा, कापूस, दोन विहिरी, मोठं खटलं. गाडी विलायती, सुटे भाग आणून मद्रासला जोडलेली, इंदूरच्या एका गिरणीवाल्याकडून वापरलेली मिळालेली. गियरची दांडी स्टिअरिंगच्या दांड्याला होती, त्यामुळे गावातली माणसं आधी काच खाली करून तीच बघायची. पाटलांनी गाडी घेतली तशी छकड्याची बैलजोडी विकली आणि गाडीवान लोटूला ड्रायव्हर केलं.

लोटू तेव्हा पन्नाशीचा. तीस वर्षं त्यानं पाटलांचा छकडा हाकला होता. लीलाधर पाटील लहान असताना त्यांना शाळेत सोडायला हाच जायचा, अजूनही त्यांना भाऊच म्हणायचा. त्याला मोटार मीच शिकवली. सुरुवातीला गाडी थांबवायची असली की ब्रेकवर पाय ठेवून तोंडानं "हो हो हो" करायचा. पण हात हलका होता. जनावर सांभाळलेला माणूस यंत्राला उगाच हाणत नाही. सहा महिन्यांत तो माझ्यापेक्षा मऊ क्लच सोडायला लागला. पाटलांच्या मळ्यातच मागच्या बाजूला एका खोलीत तो आणि त्याची बायको मालूबाई राहत. नोकरी आणि छप्पर एकाच ठिकाणचं होतं.

आता क्लचचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. जुन्या गाड्यांत पेडल आणि क्लच यांच्यामध्ये सरळ लोखंडी दांडी असायची. या गाडीत तेल होतं. पेडल दाबलं की वर बॉनेटखालच्या एका नळकांड्यातला दट्ट्या तेलाला ढकलतो, तेल नळीतून खाली जाऊन दुसऱ्या दट्ट्याला ढकलतं, आणि इंजिनानं चाकांना मारलेली मिठी सुटते. मिठी सुटली की गियर बदलतो. वरच्या नळकांड्याला मास्टर सिलिंडर म्हणतात. त्याच्या डोक्यावर तेलाची एक वाटी असते, वाटीला आट्यांचं टोपण. आत दट्ट्याला रबरी वायसर असतात आणि त्या रबरांना एकच तेल चालतं, ब्रेकचं. दुसरं कुठलंही तेल मिळालं की रबर फुगतं आणि सगळा कारभार बसतो. एवढंच ज्ञान. पण हे ज्ञान मला होतं आणि इतरांना नव्हतं, हाच घोळ झाला.

पाटलांच्या घरी दसऱ्याला एक रीत होती. घरातली वडील बाई, म्हणजे लीलाधर पाटलांची आई गोदाबाई, घाण्यावरून ताजं तिळाचं तेल आणवायची आणि घरात जे जे फिरतं त्याला स्वतःच्या हातानं एकेक पळी तेल घालायची. विहिरीच्या मोटेचं चाक, छकड्याचा आस, शिलाईचं मशीन, कापूस वेचून आला की सरकी काढायचा जुना रेचा. हळदकुंकू सगळेच वाहतात. यांच्याकडे तेवढ्यानं भागत नसे. तेल बाहेरून पुसलेलं चालत नसे, ते जिथं मुरतं तिथंच गेलं पाहिजे. गोदाबाईच्या सासूनं असंच केलं होतं आणि तिच्या सासूनंही. सगळं शाहपूर त्यांना गोदामाय म्हणत असे.

त्या दसऱ्याला पाटलांनी मला जेवायला बोलावलं होतं. मिस्त्री म्हणून नारळ आणि शेला. अंगणात गाडी धुऊनपुसून उभी, झेंडूचा हार, शेजारी लोटू नव्या टोपीत. गोदामाय पळी घेऊन आल्या आणि गाडीभोवती एक फेरी मारून माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"गिरधर, मागच्या साली म्या नुसतं चाकावर शिंतडलं. माह्या मनाले ते काही पटलं नही. इचं तोंड कुठी हाये ते सांग मले."

भोवती पंधरा-वीस माणसं. लीलाधर पाटील तेवढे आत पाहुण्यांपाशी होते. मी बॉनेट उघडलं. इंजिनच्या तेलाचं झाकण दाखवलं असतं तर काही बिघडलं नसतं, पळीभर तिळाचं तेल इंजिननं गपकन पचवलं असतं. पण ते झाकण कोणीही दाखवलं असतं. मी क्लचच्या वाटीचं टोपण फिरवून काढलं आणि लहानसं भाषण ठोकलं. ही बघा नवी तऱ्हा, इथं दांडी नाही, इथं तेलच दांडीचं काम करतं, हिंदुस्थानात अशा गाड्या अजून थोड्याच आहेत. माणसं वाकून बघत होती. मला बरं वाटत होतं.

"म्हंजी जीव हितंच हाये इचा," गोदामाय म्हणाल्या.

"इथंच," मी म्हणालो.

त्यांनी पळी ओतली. मला वाटलं होतं थेंब टाकतील, बोट लावतील. त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत सगळी पळी त्या वाटीत निथळवली आणि हात जोडले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी बघत होतो. त्याच वेळी म्हणायला हवं होतं की माय, हे काढावं लागेल. पण पूजा चालली होती, शेला अंगावर होता, आणि पंधरा माणसांसमोर आपणच उघडलेलं झाकण चुकीचं होतं असं कोण म्हणतं? मी टोपण लावलं. उद्या येऊन वाटी उपसून टाकू, असं ठरवलं.

पानं वाढेपर्यंत लोटू माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "मिस्तरी, तुमी तर मले सांगेल व्हतं, ब्रेकच्या तेलाबिगर काही घालू नको. ह्या तेलानं काही व्हनार नही ना?"

"एका पळीनं काही होत नाही," मी म्हणालो. "उद्या काढतो मी."

दुसऱ्या दिवशी रुग्णवाहिकेची गियरपेटी आली. तिसऱ्या दिवशी आणखी काही. मग ते डोक्यातून गेलं. म्हणजे खरं सांगायचं तर गेलं नाही, मी ते मागे मागे सारत राहिलो. शाहपूर काही लंकेत नव्हतं.

ते दिवसही तसेच होते. एक नोव्हेंबरला नवं राज्य होणार होतं. राजधानी म्हणून नागपूर जाणार, भोपाळ येणार, एवढं पक्कं झालं होतं. चहाच्या दुकानात रोज तेच. कचेरीतले मराठी कारकून इकडे राहायचं की तिकडे जायचं याच्या चिठ्ठ्या भरत होते. शाळेतल्या मास्तरांना कोणी म्हणे आता सगळं हिंदीत शिकवावं लागणार, कोणी म्हणे काही बदलत नाही. लीलाधर पाटील व्यवहारी माणूस. त्यांनी नव्या साहेबांशी ओळखी करायला सुरुवात केली होती. घरी हिंदीचा सराव चालू होता.

बाजाराच्या दिवशी ते एका नव्या महसुली साहेबांना बाग दाखवायला नेत होते. गाडीत साहेब, पाटील, पुढे लोटू. शाहपूरच्या बाजारात गर्दीत गाडी दुसऱ्या गियरमध्ये, लोटूनं क्लच दाबला तर पेडल चिखलात पाय घालावा तसं खाली गेलं आणि वर आलंच नाही. गाडी सुटेना. त्यानं ब्रेक मारला, गाडी आचके देत पुढे सरकली आणि एका कुंभारणीच्या मडक्यांच्या उतरंडीत घुसून बंद पडली. कोणाला लागलं नाही. मडकी फुटली आणि साहेबांची टोपी पडली. लोटूनं साहेबांना आपल्या भाषेत काही विनवलं, ते साहेबांना समजलं नाही. बाजार हसला. फुटलेल्या मडक्यांपेक्षा ते हसणं पाटलांना जास्त लागलं.

गाडी माझ्याकडे बैलांनी ओढत आणली. कुणाची तरी मागून आणलेली जोडी, जुवाला बांधलेला दोर आणि आत स्टिअरिंग धरून लोटू. लोधीपुऱ्यातली पोरं मागून आरडत होती. पाटील टांग्यानं आधीच येऊन बसले होते.

मी बॉनेट उघडलं, टोपण फिरवलं आणि वास आला. भाजलेल्या तिळाचा खमंग वास, सणाचा. त्या क्षणी मला सगळं आठवलं. आणि आठवत असतानाच माझं तोंड सवयीप्रमाणे निदान सांगून मोकळं झालं.

"यात कोणीतरी भलतंच तेल घातलंय."

पाटील उठून आले. वाटीत बोट बुडवून त्यांनी वास घेतला. मग त्यांनी लोटूकडे पाहिलं. लोटूनं माझ्याकडे पाहिलं. मी वाकलो आणि पेडलच्या दांडीची पिन शोधायला लागलो. ती शोधायची तेव्हा काहीच गरज नव्हती.

पाटलांनी बोट रुमालाला पुसलं. मग म्हणाले, "घरचं तेल आहे. गाडीची किल्ली एकाच माणसाकडे असते. पण मला अंदाजानं कोणावर आळ घ्यायचा नाही. मिस्त्री, तुम्ही उघडा, नीट बघा, आणि चूक कोणाची ते तुमच्या तोंडून मला सांगा. लोटूची निघाली तर खांडव्याचा एक माणूस मी बघून ठेवलाय. चांगला हिंदी बोलतो. तो एक तारखेपासून येईल. त्याला राहायला खोली लागेल."

खोली म्हणजे लोटूची खोली. हे त्यांनी लोटूसमोरच सांगितलं, आणि आवाज चढवून नाही. पाटील कधीच आवाज चढवत नसत.

नवा मास्टर सिलिंडर मुंबईहून मागवावा लागला. तार केली, पार्सल रेल्वेनं सहा दिवसांनी आलं. ते सहा दिवस मी दुसरी कामं केली आणि चिडचिड केली. गोदामायवर चिडलो, ती रीत ज्या कोणी काढली त्या बाईवर चिडलो, इंदूरच्या गिरणीवाल्यावर चिडलो. लोटूवरही चिडलो, की यानं दुसऱ्या दिवशी येऊन मला धरून का नेलं नाही. स्वतःवर चिडायचं तेवढं राहिलं. माणूस स्वतःला सगळ्यात शेवटी सापडतो.

तीस तारखेला काम काढलं. लोटू सकाळीच शाहपुराहून चालत आला होता. पाटलांनी त्याला घरी गाडीविना काही काम ठेवलं नव्हतं.

पेडलच्या दांडीची पिन ओढली, नळीचा नट सैल केला, दोन बोल्ट काढले आणि जुना सिलिंडर बाकावर आणला. तोंडाची कडी काढून दट्ट्या ओढला तर तो निघेना. लाकडी फळीवर ठोकून ठोकून बाहेर काढला. रबरी वायसर भिजवलेल्या वालासारखे टम्म फुगले होते, एक तर कडेनं फाटला होता. नखानं दाबलं की तेल सुटायचं. लोटूनं एक वायसर उचलून तळहातावर ठेवला.

"पळीभर तेलानं येवढं?"

"पळीभरानं नाही. नऊ दिवसांनी," मी म्हणालो. "पळी पहिल्या दिवशीच काढली असती तर काही झालं नसतं."

हे वाक्य मी एखाद्या तिऱ्हाइताबद्दल बोलावं तसं बोललो. लोटूनं वायसर खाली ठेवला.

खालच्या सिलिंडरचीही रबरं बदलली. नळी स्पिरिटनं तीनदा धुतली, वास जाईपर्यंत. नवा सिलिंडर बसवला, बोल्ट आवळले, पिन घातली, वाटीत ब्रेकचं तेल भरलं. आता राहिली हवा काढायची. नळीत हवा उरली तर पेडल पोकळ राहतं. हे काम एकट्याचं नाही. एकानं गाडीखाली जायचं आणि खालच्या सिलिंडरचा लहान नट उघडायचा, दुसऱ्यानं वर बसून पेडल दाबायचं. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, नुसतं ऐकायचं.

मी खाली गेलो. लोटू वर बसला.

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव." नट उघडला. फसफसत बुडबुडे आले. नट बंद केला. "सोड."

"सोडलं."

असं पंचवीस-तीस वेळा करायचं असतं. मधेच वरून लोटूचा आवाज आला.

"मिस्तरी, भाऊले काय सांगसान?"

"दाब."

"दाबलं. मायचं नाव नका घेऊ. तिले कोनी सांगितलं का तिच्या हातच्या तेलानं गाडी मोडली, तं ती म्हातारी अन्न सोडीन. तिची सासू मेल्यावर त्या पळीले तिनं दुसऱ्या कोनाचा हात लागू देल्हा नही."

"सोड. नाही घेणार नाव."

"सोडलं. मंग कोनाचं घेसान?"

मी नळीच्या टोकाकडे बघत होतो. बुडबुडे कमी झाले होते.

"मालूनं मले इचारलं," लोटू म्हणाला. "म्हने तीस साल झाले, आता कुठी जायाचं? मी म्हनलं मिस्तरी हाये. टोपन मिस्तरीनं उघडेल व्हतं, काही व्हत नही म्हने बी मिस्तरीच. तो सांगीन."

"दाब."

"दाबलं. तुमचं नाव तुमी सांगितलं तं तुमचं काय जानार हाये, मिस्तरी? भाऊ तुमले काई बोलनार नही. माझं घर जातं."

त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. खरंच माझं काय जाणार होतं? कधी चुकत नाही हे नाव, तेवढंच. उलट पाटलांनी हसून सोडून दिलं असतं. मी पाठीवर पडून गाडीच्या पोटाकडे बघत होतो आणि वर एक माणूस क्लच दाबून माझ्या उत्तराची वाट बघत होता.

"सांगतो," मी म्हणालो. "माझी चूक आहे, असं सांगतो. सोड."

त्यानं पेडल सोडलं. पुढच्या दहा-बारा दाबांत बुडबुडे संपले. तेलाची सलग धार आली.

पेडल कडक झालं. लोटूनं लोधीपुऱ्यातून एक फेरी मारली, पहिला, दुसरा, तिसरा, परत दुसरा. एकदाही गियरचे दात वाजले नाहीत. गाडी लावून खाली उतरला तेव्हा त्याच्या तोंडावर समाधान होतं. त्या दिवशी मी त्याला म्हणालो होतो की जेवून जा. तो म्हणाला, मालू वाट बघत असंन. चालत गेला.

एकतीसला दुपारी पाटील आले. त्यांना दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन खांडव्याला जायचं होतं, नव्या राज्याचा समारंभ होता. शेडमध्ये तेव्हा दोघे बसले होते, एक आमचे डॉक्टर, त्यांच्या गाडीचं प्लगचं काम होतं, आणि एक मालमोटारवाला. लोटू बाहेर गाडीची काच पुसत होता.

पाटलांनी पेडल दाबून बघितलं, मान हलवली आणि बाकावर बसले. बाकावर जुना सिलिंडर आणि ते फुगलेले वायसर मी मांडून ठेवले होते. दाखवायचे म्हणून.

"बोला," पाटील म्हणाले. "चूक कोणाची?"

"माझी," मी म्हणालो. "चूक माझी आहे."

मी ते मोठ्यानं म्हणालो. बाहेर काच पुसण्याचा आवाज थांबला.

पाटील हसले. मनापासून हसले. "मिस्त्री, दहा वर्षं झाली तुम्हाला ओळखतो. तुम्ही तिळाचं तेल क्लचमध्ये घालणार?" डॉक्टरही हसले. मालमोटारवाला म्हणाला, "गिरधर मिस्त्री घालेल तर मग आपल्या गाड्यांचं काय खरं आहे?"

"लोटूसाठी करताय हे मला कळतं," पाटील म्हणाले. "त्याचं तुम्हाला वाईट वाटतंय. मलाही वाटतं. पण ही गोष्ट अशी पांघरूण घालून चालत नाही."

आता फक्त एक वाक्य बोलायचं होतं. दसऱ्याला टोपण मी उघडलं होतं, पळी पडताना मी बघत होतो, आणि काही होत नाही असं मीच लोटूला सांगितलं. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पंधरा माणसं त्या दिवशी अंगणात होती, कोणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. पण मग पाटील विचारणार, पळी कोणाची? मग गोदामाय. हे मी स्वतःला सांगितलं आणि ते कारण मला फार सोयीचं वाटलं. मायचं नाव न घेताही ते सांगता आलं असतं. पण डॉक्टर माझ्याकडे बघत होते, आणि मालमोटारवाल्याच्या तोंडावर ते हसू होतं, गिरधर मिस्त्रीकडून असं होऊच शकत नाही असं. ते हसू मला मोडवेना.

मी फडक्यानं हात पुसले.

"तुमच्यासारखा माणूस गप्प राहिला, त्यात सगळं आलं," पाटील म्हणाले. ते उठले. "दिवाळी होईपर्यंत त्याला खोलीत राहू दिलं असतं, पण तो माणूस उद्याच येतोय."

ते बाहेर गेले. लोटूशी काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, दोनच मिनिटं लागली. मालमोटारवाल्याला गाडी चालवता येत होती, तो पाटलांना शाहपूरपर्यंत सोडायला तयार झाला. डॉक्टर प्लग घेऊन गेले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मिस्त्री, मन मोठं आहे तुमचं." चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर चोराचा सत्कार.

लोटू शेडमध्ये आला. त्याच्या हातात गाडी पुसायचं फडकं तसंच होतं. त्यानं ते घडी घालून बाकावर ठेवलं, ते माझंच होतं. मला वाटलं आता तो विचारील. विचारलं तर काय सांगायचं याचा मी विचार करत होतो आणि मला राग येत होता, त्याचाच.

"ऐकलं म्या," तो म्हणाला. "तुमी बोलले. साफ बोलले, चूक माझी म्हनून. भाऊले पटलं नही, त्याले तुमी काय करसान?"

मी बाकावरचे फुगलेले वायसर गोळा करायला लागलो.

"आमच्यासाठी येवढं कोन करतं, मिस्तरी. तेबी डॉक्टरसमोर. मालूले सांगीन मी."

तो वाकला आणि त्यानं माझ्या पायांना हात लावला. तो माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठा होता. मी पाय मागे घेतले नाहीत.